तोंड दिसलं की ऐकू येतं

तुमच्यातले बरेच जण हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावात उभे राहिलेले आहेत. बैलगाड्या, टेम्पो, बर्फ फोडायचा आवाज आणि दहा ढिगांवर दहा बोल्या. मास्क लावायचे दिवस आठवा. माणसं तीच, अंतर तेवढंच, तरी "काय? किती म्हणालास?" असं सारखं विचारावं लागायचं. कापडाने आवाज दबतो, हे खरंच. पण त्याबरोबर ओठही झाकले गेले होते, आणि मला बोलायचंय ते या ओठांबद्दल.

1954 साली सम्बी आणि पोलॅक या दोघांनी अमेरिकेत हे मोजून दाखवलं. गोंगाट जितका वाढतो, तितकी बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याची मदत मोठी होते.

आता सगळ्यांनी ओठ न मिटता "बा" म्हणून बघा. जमत नाही. शाळेत आपण घोकलंय, प फ ब भ म हे ओष्ठ्य. "गा" मात्र कंठातून येतो, त्याला ओठ लागतच नाहीत. 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी चित्रफितीतल्या "गा" म्हणणाऱ्या तोंडावर "बा" हा आवाज चढवला. बघणाऱ्या बहुतेक प्रौढांना ऐकू आलं "दा"! कानात ओष्ठ्य, डोळ्यांत कंठ्य, आणि मेंदूने निकाल दिला मधल्याच जागेचा. डोळे मिटले की पुन्हा स्वच्छ "बा". मला हा प्रयोग पाठ आहे, तरी अजून "दा"च ऐकू येतो. माहीत असून काही उपयोग होत नाही.

भाषा शिकल्यामुळे आपल्याला ही खोड लागली का? माकडांना तर भाषा नाही. माकड म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडते, आंब्या-काजूचं नुकसान मीही सोसलंय. पण क्षणभर ते बाजूला ठेवा. आपल्याकडच्या माकडाचा उत्तरेतला भाऊबंद म्हणजे रीसस. जर्मनीत ट्युबिंगनच्या मॅक्स प्लँक संस्थेत आसिफ गझनफर आणि निकोस लोगोथेटिस यांनी रीससपुढे दोन पडदे ठेवले. एकावर ओठांचा चंबू करून साद घालणारं माकड, दुसऱ्यावर तोंड उघडून धमकावणारं. आवाज मात्र एकच, मधून येणारा. माकडं ज्या तोंडाचा तो आवाज, त्याच्याकडे जास्त वेळ बघत राहिली. हे 2003 साली प्रसिद्ध झालं.

दोन वर्षांनी त्यांनी थेट मेंदूत डोकावलं, आणि मला सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट हीच आहे. पूर्वी समज असा, की डोळ्यांचं काम डोळ्यांच्या भागात, कानांचं कानांच्या भागात, आणि दोघांची गाठ पडते ती पुढे, वरच्या पायरीवर. प्रत्यक्षात श्रवणाच्या भागातच, अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरही, चेहरा दिसला की पेशींचा प्रतिसाद बदलत होता. कुठे वाढत होता, कुठे दबत होता. चेहऱ्याऐवजी तोंडाच्या हालचालीबरहुकूम लहानमोठी होणारी नुसती चकती दाखवली, तर हा परिणाम बराच कमी व्हायचा. म्हणजे कानाच्या घरात चेहऱ्याला थेट प्रवेश आहे, तोही माणसाच्या आधीपासून.

यात वेळेचीही गंमत आहे. बोलताना तोंड बऱ्याचदा आवाजाच्या 100 ते 300 मिलिसेकंद आधी हलतं. आवाज निघण्याआधी ओठांची वर्दी पोहोचलेली असते. आणि आपलं तोंड साधारण सेकंदाला दोन ते सात वेळा उघडमीट करतं. बागेच्या कुंपणावर माकडीण पिल्लाकडे बघून ओठ भराभर मिटते-उघडते, ते नीट पाहिलंय का कधी? रीसस माकडांमध्ये ती लय मोजली, तर भरली सेकंदाला पाचच्या आसपास.

माझे वडील तांडेल होते. इंजिन सुरू असलं की होडीत शेजारच्याचंही धड ऐकू यायचं नाही, तरी दिवसा त्यांची हाक खलाशाला एका दमात कळायची. रात्री जाळं ओढताना ते बॅटरी पेटवायचे, मला वाटायचं पाण्यावर मारतील. तर ते ती आधी स्वतःच्या तोंडावर धरायचे, आणि मग ओरडायचे, "ओढ!"