सँक्शन: होकार की बडगा?

नमस्कार श्रोतेहो. आज एकाच इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे ‘सँक्शन’. कर्ज सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली, असं आपण मराठीतही सहज बोलून जातो. तिथे अर्थ सरळ आहे, मंजुरी. पण बातम्या ऐकायला बसलं की हाच शब्द अनेकवचनात येतो, ‘सँक्शन्स’, आणि कळतं की अमुक देशावर निर्बंध लादले गेलेत. एकीकडे होकार, दुसरीकडे बडगा. एकाच शब्दात हे दोन्ही मावलं कसं?

त्यासाठी लॅटिनपर्यंत मागे जावं लागतं. तिथे एक क्रियापद आहे, एखादी गोष्ट पवित्र, अनुल्लंघनीय ठरवण्याचं. सेंट म्हणजे संत, सँक्च्युअरी म्हणजे अभयस्थान, हे शब्द त्याच घराण्यातले. आता कायदा अनुल्लंघनीय करायचा तर त्यावर अधिकाराची मोहोर हवी, आणि मोडणाऱ्याला दंडही हवा. रोमन कायद्यात दंड सांगणाऱ्या भागालाच ‘सांक्तिओ’ म्हणत. मोहोर आणि दंड असे पहिल्यापासून एकाच घरात नांदत होते.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. ‘शासन’ हा शब्द घ्या ना. शासनाने योजना मंजूर केली, असं आपण म्हणतो. आणि अपराध्याला शासन झालं, असंही म्हणतो. कुणाचाच गोंधळ होत नाही. मला स्वतःला ‘सँक्शन’ नीट उमगला तो ‘शासन’ त्याच्या शेजारी ठेवून पाहिला तेव्हा.

इंग्रजीत या शब्दाने बरीच वळणं घेतली. 1713 मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याने हॅब्सबर्ग घराण्याच्या मुलुखाचा वारसा मुलीलाही मिळावा म्हणून हुकूम काढला. इतिहासात तो ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ म्हणून ओळखला जातो. इथे सँक्शन म्हणजे राजाज्ञा. पुढे 1789 मध्ये जेरेमी बेंथम या विचारवंताने माणसाला वागणुकीचं बंधन घालणाऱ्या चार शक्ती सांगितल्या: निसर्ग, राज्यसत्ता, लोकमत आणि धर्म. त्यांना त्याने ‘सँक्शन’ हेच नाव दिलं. मग पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला. करार मोडून युद्ध पुकारणाऱ्या राष्ट्राशी इतरांनी व्यापारी आणि आर्थिक संबंध तोडावेत, असं त्याच्या सनदेतलं सोळावं कलम सांगत होतं. 1935 मध्ये इटलीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा ते लागूही झालं. पण खनिज तेल त्यातून वगळलं होतं, आणि इटलीचं आक्रमण काही थांबलं नाही. ‘सँक्शन्स’ म्हटलं की आज आपल्याला आठवतात ते हेच निर्बंध.

मग वाचताना अर्थ ओळखायचा कसा? नामाचं त्या मानाने सोपं आहे. अनेकवचन असेल आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल, तर बहुतेक वेळा निर्बंधच. ‘विथ द सँक्शन ऑफ’ असं एकवचन आलं, तर संमती. खरी अडचण क्रियापदाची. इंग्रजीत ते आधी मान्यता देणं या अर्थाने रुळलं. निर्बंध घालणं, शिक्षा करणं हा अर्थ मागाहून आला. म्हणून त्याचं कर्म बघा. योजना, खर्च, कृती यांना सँक्शन केलं तर मंजूर केलं. देश, कंपनी, व्यक्ती यांना सँक्शन केलं तर त्यांच्यावर कारवाई झाली. आपण ‘परवा’चं हेच करतो. परवा आला की परवा येईन, हे क्रियापदच सांगतं.

तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहीत असाल आणि वाक्य दोन्हीकडे झुकत असेल, तर सरळ ‘अप्रूव्ह’ किंवा ‘पीनलाइज’ लिहा. त्यात काही कमीपणा नाही.

एक जागा मात्र विशेष सांभाळायला हवी. ‘स्टेट-सँक्शन्ड व्हायोलन्स’ असा प्रयोग तुम्हाला लेखांमधून भेटेल. निर्बंधांच्या बातम्या कानात असल्या, की याचा अर्थ राज्याने बंदी घातलेली हिंसा असा लावला जाऊ शकतो. पण इथे हिंसा ही कृती आहे, म्हणून अर्थ होतो मंजुरीचा: राज्याच्या संमतीने झालेली हिंसा.