काय शिवून आणलं?

नमस्कार श्रोतेहो.

शिवणकामाचे वर्ग भरतात अशा संमेलनाहून कुणी परतलं की घरीदारी एकच प्रश्न होतो, ‘मग, काय शिवून आणलंस?’ खरं उत्तर बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचा विरस करणारं असतं. पिशवीतून निघतो मांजरपाटाचा अर्धामुर्धा शर्ट. बाही एकच, बटणं नाहीत, जागोजागी टाचण्या आणि अंगभर पेन्सिलीच्या रेघा. माझ्या मते अशा माणसानं वर्गाचा पुरेपूर उपयोग करून घेतलेला असतो. काजं-बटणं करून, इस्त्रीची घडी घालून पुरा कपडा घेऊन जो येतो, त्याच्याबद्दलच मला जरा शंका वाटते.

टिपा मारणं घरीही होतं. कटिंग होतं, हेम म्हणजे खालची कड दुमडून शिवणंही होतं. घरी एकट्यानं होत नाही ती गोष्ट म्हणजे आपल्याच पाठीचं फिटिंग. पाठ बघायला आरशापुढे मान वळवली की खांदा वळतो, खांदा वळला की कपडा सरकतो, आणि दिसतं ते भलतंच. तिथे दुसऱ्या कुणाची सरावलेली नजर लागते, आणि वर्गाला जायचं ते त्या नजरेसाठी.

फिटिंगच्या वर्गात काय चालतं, ते सांगते. मांजरपाटाचा कच्चा नमुना लांब टिपांनी जोडलेला असतो. तो अंगात घालून तुम्ही सरळ उभे राहता, हात खाली सोडून. शिकवणाऱ्या बाई लगेच हात लावत नाहीत. आधी मागे सरकून नुसत्या पाहतात. सुरकुत्या कुठून निघाल्या आणि कुठे चालल्या, हे त्या वाचत असतात. कापड ताणलं गेलं की सुरकुतीचं टोक जिथे जागा कमी आहे तिकडे वळतं. मुंढ्याकडून, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईकडून, आणि कडेच्या शिवणीकडून रेषा छातीच्या उभाराकडे धावत असतील, तर उभाराला कापड कमी पडतंय. गळ्याच्या बाजूनं काखेकडे तिरप्या घड्या पडत असतील, तर खांदे उतरते आहेत आणि नमुना सरळ खांद्याचा आहे. मागच्या गळ्याखालीच आडवी वळी साठली, तर बहुधा उलटा मामला, म्हणजे खांदे नमुन्यापेक्षा चौकोनी. मग कुठे बाई चिमटीत कापड धरतात, टाचणी खोचतात, आणि ती वळी नाहीशी होते. त्या चिमटीत किती कापड मावलं ते टेपनं मोजायचं आणि तिथेच कापडावर लिहायचं. मघाशी म्हटलेल्या पेन्सिलीच्या रेघा त्या याच.

आता तयार कागदी नमुन्यात आधीच सगळं बरोबर का नसतं? अमेरिकेतले शिंपी एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली आणि घरी शिवणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण नमुना बनवणाऱ्याला कुठलं तरी एक शरीर डोळ्यांपुढे ठेवावंच लागतं. बायकांच्या कपड्यांचे नमुने काढणाऱ्या मोठ्या कंपन्या सहसा ब्राच्या मापातल्या ‘बी’ कपचा उभार धरून चालतात. म्हणून आपण छातीचं पूर्ण माप पाहून नमुना घेतला की उभार बसतो, पण गळा आणि खांदे अघळपघळ होतात. त्यापेक्षा टेप काखेतून, उभाराच्या वरच्या बाजूनं घ्या, आणि त्या मापाला जुळणारा नमुना निवडा. पूर्ण माप त्याहून सुमारे पाच सेंटिमीटर जास्त भरलं तर नमुना आहे तसा चालून जाईल. फरक आणखी मोठा असेल तर उभाराला जागा वाढवायची. ते काम टक, म्हणजे आकारासाठी घातलेली शिवलेली चुणी, सरकवून, कागद कापून, मध्ये पट्टी चिकटवून जमतं. गळा आणि खांदे दुरुस्त करणं त्याहून फार किचकट.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मुंढ्याचा धडा. हात मोकळा हलायला हवा म्हणून मुंढा खोल घ्यावा, असं आपल्याला सहज वाटतं, आणि होतं नेमकं उलट. मुंढा खोल केलात की हात वर करताच अख्खा शर्ट कंबरेपासून वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात उचलला तरी खालचा भाग जागेवर राहतो. वर्गात दोन्ही तऱ्हेचे मुंढे घालून दाखवतात. पहिला घालून फळीवरचा डबा काढायचा अभिनय करायचा, मग दुसरा घालून. नंतर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मुंढा झाला की बाही येते, आणि भल्याभल्यांचा धीर सुटतो. बाहीच्या माथ्याचा घेर मुंढ्यापेक्षा थोडा जास्त ठेवलेला असतो, बऱ्याच नमुन्यांत अडीच ते चार सेंटिमीटर. हे जादा कापड चुणी न पडता आत जिरवायचं असतं. लांब टाक्यांच्या दोन ओळी घालायच्या, बॉबिनचे, म्हणजे खालच्या रिळाचे, दोरे हलके ओढायचे, आणि ती गोलाई लंबगोल घट्ट उशीवर ठेवून वाफ द्यायची. लोकरीचं कापड वाफेनं आक्रसतं आणि मुकाट्यानं बसतं. घट्ट विणीचं सुती कापड ऐकत नाही. त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा माथ्याचा घेरच थोडा कमी करून घ्यावा. शिकवणारी व्यक्ती चांगली असेल तर ती दोन्ही कापडं तुमच्या हातात देते आणि गप्प राहते. लोकर आणि सुत यांच्यातला फरक बोटांना कळतो. व्हिडिओ कितीही वेळा मागे नेऊन पाहिला तरी तो कळायचा नाही.

उरेब, म्हणजे तिरकं कापलेल्या कापडाचा वर्ग मिळाला तर सोडू नका. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उरेब कटिंगला प्रतिष्ठा मिळवून दिली. व्हियोने आधी लहान लाकडी बाहुलीवर कापड लावून पाहायच्या, मग मोठा कपडा. उभ्या-आडव्या धाग्याच्या मधोमध तिरकं कापलेलं कापड स्वतःच्या वजनानं उतरतं, आणि सगळीकडे सारखं उतरत नाही. म्हणून असा स्कर्ट शिवून लगेच हेम घालायचं नाही. निदान एक दिवस टांगून ठेवायचा आणि मगच खालची कड सरळ करायची.

संमेलनात विक्रीचं दालनही असतंच. त्याबद्दल इतकंच सांगते की वर्ग झाल्यावर तिकडे वळावं. आधी गेलात तर कापड घेऊन याल आणि त्याचं काय शिवायचं ते नंतर शोधत बसाल.

तयारी मात्र घरूनच करून जा. वर्गाची सूचनापत्रं लोक वाचत नाहीत, आणि मग पहिला सगळा वेळ नमुना कागदावर उतरवण्यात जातो. बाई मोकळ्या असतात तेव्हा तुम्ही कात्री चालवत असता. नमुना उतरवून, मांजरपाट कापून, कच्ची टीप मारूनच जा. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, भरपूर सोडा. पुढे कापता येते, वाढवता येत नाही. खरं कापड नेणार असाल तर ते आधी धुऊन घ्या, आटायचं ते घरीच आटू दे. तो कपडा ज्या आतल्या कपड्यांवर आणि ज्या चपला-बुटांवर घालणार, तेच वर्गात घाला, नाहीतर छातीची रेषा आणि हेम दोन्ही चुकतील. मशीनला नवी सुई लावा. मधल्या जाडीच्या कापडाला ९० नंबर ठीक, म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. होजिअरीसारख्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई घ्या, नाहीतर टाके सुटतील आणि दोष मशीनला जाईल.

आणि मशीन स्वतःचं नेणार असाल तर त्याचं पेडल आणि वायर सगळ्यात आधी पिशवीत टाका. ती घरी विसरून शेजारच्या टेबलाकडे केविलवाणं बघणारं कुणी ना कुणी प्रत्येक वर्गात असतंच.