खासबागेत दहा आकडी संख्या

(दृश्य: सकाळ. रिकामं खासबाग मैदान. हौदातली तांबडी माती.)

हे कोल्हापूरचं खासबाग, कुस्तीचं मैदान. कुठल्याही पायरीवर बसा, मधला हौद दिसतोच. शाहू महाराजांनी ते बांधलंच तसं. आज इथं जोड लागलेली नाही, हलगी नाही. आज इथल्या पायरीवर आपण खडूनं एक संख्या लिहिणार आहोत.

३८१६५४७२९०.

३८१ कोटी ६५ लाख ४७ हजार २९०. शून्यापासून नऊपर्यंतचे सगळे अंक हिच्यात आहेत, प्रत्येक एकदाच. आता बाकीचे अंक हातानं झाका आणि डावीकडून एकेक उघडत चला. ३८ ला दोननं भाग जातो. ३८१ ला तीननं. ३८१६ ला चारनं, ३८१६५ ला पाचनं. असं करत करत अख्ख्या संख्येला दहानं. कुठंही बाकी उरत नाही.

या दहा अंकांची अदलाबदल करून ३२ लाख ६५ हजार ९२० दहा आकडी संख्या तयार होतात. त्यांत हा गुण एकटीचाच. संगणक ती चटकन शोधून देईल. पण ही संख्या कागदावर सापडते, आणि तशीच शोधावी असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: मैदानाबाहेर भेळेची गाडी. बाकड्यावर कागद, कागदावर दहा चौकटी.)

दहानं भाग जायचा, म्हणजे शेवटी शून्य. शून्य संपलं, म्हणून पाचव्या चौकटीत पाचच. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या चौकटीत सम अंक. विषमांना विषम जागाच उरतात. तिसरा अंक विषम आणि चारनं भाग जायला हवा, तर चौथ्या जागी दोन किंवा सहाच बसतो. आठव्या जागीही तेच. मग तिनाची आणि सहाची कसोटी लावा. सम अंकांच्या दोनच मांडण्या टिकतात: ४, २, ८, ६ किंवा ८, ६, ४, २.

विषम अंकही असेच चाळत गेलं, की लाखांतून उरतात फक्त दहा.

या दहांत कोण आहे बघा. ९८७६५४३२१०, सरळ उतरती! आणि १४७२५८९६३०. मोबाईलच्या बटणांवर बोट फिरवा: पहिली रांग वरून खाली, दुसरी वरून खाली, तिसरी खालून वर, शेवटी शून्य. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कागद तसाच धरून बसलो होतो.

राहिला सात. त्याला शेवटचा अंक बघून चालत नाही, बेरीज करूनही चालत नाही. तिथं निकाली कुस्तीच. पहिले सात अंक घ्यायचे आणि भागायचं. ९८७६५४३, बाकी पाच. १४७२५८९, बाकी सहा. एकेक करून नऊ जण चितपट.

(दृश्य: कागद जवळून. पेन्सिलीनं मांडलेला भागाकार.)

आता ३८१६५४७. अडतीसमध्ये सात पंचे पस्तीस, उरले तीन. एकतीसमध्ये सात चोक अठ्ठावीस, पुन्हा तीन. छत्तीसमध्ये सात पंचे पस्तीस, उरला एक. पंधरामध्ये सात दुणे चौदा, उरला एक. चौदामध्ये सात दुणे चौदा, उरलं काही नाही. खाली उतरला सात.

सात एके सात.