निवडून आलेला न्यायाधीश आणि त्याची पुढची निवडणूक

श्रोतेहो, नमस्कार.

1 एप्रिल 2025 ला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका जागेसाठी मतदान झालं. जागा आमदारकीची नव्हती, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशाची होती. या एका खुर्चीपायी दोन्ही बाजूंचा मिळून 9 कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. इलॉन मस्क यांनी तर सभेत मतदारांना 10-10 लाख डॉलरचे धनादेश वाटले. दुसऱ्या बाजूलाही अब्जाधीश होतेच. शेवटी मस्क यांचे उमेदवार ब्रॅड शिमेल पडले आणि सुझन क्रॉफर्ड निवडून आल्या.

आपल्याला हे ऐकून नवल वाटतं. आपल्याकडे न्यायाधीश प्रचाराला निघाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पण अमेरिकेत केंद्राचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, ते तहहयात असतात. राज्यांचं मात्र निराळं आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत न्यायाधीशाला कधी ना कधी मतदारांपुढे जावंच लागतं.

ही पद्धत काही वेडेपणातून आलेली नाही. सुरुवातीला राज्यांतही न्यायाधीश नेमलेच जात. मग गव्हर्नरचे, म्हणजे राज्याच्या कारभाराच्या प्रमुखाचे, सगेसोयरे, विधिमंडळातल्या पुढाऱ्यांची माणसं न्यायासनावर बसू लागली. लोक वैतागले. 1832 मध्ये मिसिसिपीने सगळेच न्यायाधीश मतदानाने निवडायचं ठरवलं, 1846 मध्ये न्यूयॉर्कने तोच रस्ता धरला, आणि मग एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. न्यायाधीश पुढाऱ्यांचा मिंधा नको, लोकांना बांधलेला असावा, हा त्यामागचा हेतू. हेतूला नावं ठेवायला मला तरी जागा दिसत नाही.

पण निवडणूक म्हटली की पैसा आला. वेस्ट व्हर्जिनियात मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ज्युरीने 5 कोटी डॉलर भरपाईचा निकाल दिला होता. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होतं. 2004 च्या निवडणुकीत कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी सुमारे 30 लाख डॉलर ओतले. बेंजामिन जिंकले. अपील आलं तेव्हा त्यांनी बाजूला व्हायला नकार दिला आणि 3 विरुद्ध 2 मतांनी कंपनी सुटली. त्या तीन मतांतलं एक त्यांचं. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, बेंजामिन यांनी या खटल्यात बसायला नको होतं, असा निर्णय दिला. तोही 5 विरुद्ध 4 असा काठावरचा. म्हणजे चार न्यायमूर्तींना हे घटनेने अडवण्यासारखं वाटलं नाही! असो.

तरीही मला खरी काळजी पैशाची नाही, पुढच्या निवडणुकीची आहे. माणूस एकदा निवडून आला, ठीक. पण काही वर्षांनी त्याच मतदारांपुढे पुन्हा उभं राहायचं असेल, तर निकालपत्र लिहिताना त्याची नजर कुठे असणार? अलाबामात ज्युरीने जन्मठेप सुचवली तरी न्यायाधीश ती बाजूला सारून मृत्युदंड देऊ शकत असे. 2017 मध्ये तिथला कायदा बदलला. त्याआधी 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी स्पष्ट लिहिलं होतं की अलाबामातले निवडून येणारे न्यायाधीश मतांच्या दबावाला बळी पडलेले दिसतात. प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे, हे लक्षात घ्या.

यावर उतारा म्हणून मिसुरीने 1940 मध्ये मधला मार्ग काढला. वकील आणि नागरिक यांची समिती नावं सुचवते, गव्हर्नर त्यातलं एक निवडतो, आणि पुढे ठरावीक काळाने मतदारांना एवढंच विचारतात, हा न्यायाधीश राहू द्यायचा का? होय की नाही. समोर प्रतिस्पर्धी नाही. दिसायला छान. पण आयोवातही अशीच पद्धत होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये एकमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. 2010 मध्ये त्यांतल्या तिघांची होय-नाहीची पाळी होती. मतदारांनी तिघांनाही घरी पाठवलं. कॅलिफोर्नियात 1986 मध्ये मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड यांचं तेच झालं. मृत्युदंडाची प्रकरणं त्या सतत उलटवत, हा त्यांच्यावरचा राग.

मग नेमणूक केली की प्रश्न मिटतो? तसंही नाही. न्यू जर्सीत गव्हर्नर आधी सात वर्षांसाठी नेमतो, मग पुन्हा नेमलं तर सत्तरीपर्यंत पद पक्कं. 2010 मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांना पुन्हा नेमलंच नाही. आणि लांब कशाला जायचं? आणीबाणीत मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त, म्हणजे मुदतीपुरते नेमलेले, न्यायाधीश उ. र. ललित यांना कायम केलं गेलं नाही. त्यांचेच चिरंजीव उदय ललित पुढे 2022 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, ही गोष्ट वेगळी. विस्कॉन्सिनमध्ये मतदार, न्यू जर्सीत गव्हर्नर, आपल्याकडे तेव्हाचं सरकार. न्यायाधीशाला कुणापुढे तरी पुन्हा उभं राहावं लागलं की ही पाळी येते.

म्हणून माझं मत असं: न्यायाधीश आणायचा कसा, यावर भांडा हवं तितकं, पण एकदा आणला की त्याला दुसरी मुदत मागायला लावू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये नेमलेला न्यायाधीश सत्तर वर्षांचा होईपर्यंत राहतो, ऱ्होड आयलंडमध्ये तहहयात. नालायक निघाला तर? त्यासाठी अमेरिकेत प्रत्येक राज्यात न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणारं मंडळ आहे. ते निकाल बघत नाही, वागणूक बघतं. हा फरक महत्त्वाचा.

आता आपल्याकडचं एक बोलून थांबतो. आपल्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश 62 व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयाचे 65 व्या वर्षी निवृत्त होतात. कायम झाल्यावर पुनर्नेमणुकीची भानगड नाही, हे उत्तमच. पण निवृत्तीनंतर राज्यपालपद आहे, राज्यसभा आहे, आयोग आहेत. ती वाटायची कुणाच्या हातात? सरकारच्या. आणि न्यायालयात सर्वात मोठा पक्षकार कोण? सरकारच. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने 1958 मध्येच सांगितलं होतं की न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये. त्यानंतर आलेल्या एकाही सरकारने ती शिफारस कायद्यात उतरवलेली नाही.

नमस्कार.