सुई वर गेली की

स्पीडोमीटरसारखी एक तबकडी. या क्षणी वेबसाइटवर किती वाचक आहेत, ते तिची सुई दाखवते. शेजारी बातम्यांची यादी. जी जास्त वाचली जाते ती वर सरकते, बाकीच्या खाली. न्यूयॉर्कच्या चार्टबीट कंपनीचं हे सॉफ्टवेअर. मराठी पोर्टलच्या डेस्कवर शिफ्ट केलेल्यांना असा पडदा अनोळखी नाही.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या केटलिन पेट्रे या पडद्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसल्या. तो बनवणाऱ्या चार्टबीटमध्ये, आणि तो वापरणाऱ्या गॉकर मीडिया या ब्लॉग चालवणाऱ्या कंपनीत आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये. त्यांचा अहवाल 2015 मध्ये आला, पुस्तक 2021 मध्ये.

गॉकरमध्ये सगळं उघडं होतं. कोणाचा मजकूर किती चालला, हे शेजारच्या सहकाऱ्यालाही दिसायचं. टाइम्समध्ये आकडे मुख्यतः संपादकांच्या हाती. म्हणून तिथले बातमीदार मोकळे होते का? नाही. आधीच घेतलेल्या निर्णयाला आधार म्हणून, किंवा बातमीदाराचं मन वळवायला, संपादक तेच आकडे पुढे करत.

पेट्रे यांचं खरं मोलाचं काम पुढे आहे. कारखान्यात कामाचा वेग वाढवायला मुकादम घड्याळ घेऊन उभा राहायचा. कामगाराला तो दिसायचा, त्याच्यावर चिडता यायचं. इथे मुकादम दिसत नाही. पडदा खेळासारखा रचलेला आहे. सुई वर गेली की बरं वाटतं, खाली आली की पुन्हा लिहावंसं वाटतं. वर, पत्रकारांच्या निर्णयबुद्धीचा आपण मान राखतो, हे चार्टबीटला सतत जाणवून द्यावं लागे. म्हणूनच हा ताण इतका खोल जातो. लिहिणारा माणूस तो स्वतःच स्वतःवर घेतो, आणि दमल्यावर दोषही स्वतःलाच देतो.

पण दमलेली माणसं एकत्रही येतात. जून 2015 मध्ये गॉकरच्या लेखकांनी मतदान करून रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका, ईस्ट ही लेखकांची संघटना आपली कामगार संघटना म्हणून निवडली. पुढच्याच वर्षी गॉकर दिवाळखोरीत गेली, तरी डिजिटल न्यूजरूममध्ये संघटनेची वाट खुली झाली होती. 2023 मध्ये याच गिल्डचे चित्रपट-टीव्हीचे लेखक पश्चिमेकडच्या गिल्डसोबत 148 दिवस संपावर होते. स्टुडिओंशी झालेल्या करारात कलम आलं: लेखकावर एआय वापरण्याची सक्ती कंपनीला करता येणार नाही.