बाटलीचं डिपॉझिट

(पडद्यावर: ओरेगॉनचा समुद्रकिनारा, ओहोटीची वेळ. वाळूत अर्धवट रुतलेला बिअरचा डबा.)

अमेरिकेच्या पश्चिम टोकाला ओरेगॉन राज्य आहे. 1967 साली इथल्या विधिमंडळाने कायदा करून अख्खा किनारा सर्वांसाठी खुला ठेवला. पण त्याच वर्षांत बाजारात मोठा बदल होत होता. दुकानात परत द्यायची जाड काचेची बाटली मागे पडली आणि पिऊन फेकून द्यायच्या बाटल्या नि डबे आले. डब्याच्या तोंडावर ओढून काढायची पत्र्याची कडी असे. ती वाळूत पडायची आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायात घुसायची.

रिचर्ड चेंबर्स लाकूडतोडीची यंत्रं विकायचे. पॅसिफिक सिटीजवळच्या या किनाऱ्यावर ते फिरायला येत आणि जाताना दुसऱ्यांचा कचरा उचलून नेत. 1968 साली शेजारच्या कॅनडात परत न होणाऱ्या बाटल्यांवर बंदीचा विचार चालल्याचं त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी आपल्या भागाचे आमदार पॉल हॅनमन यांना गाठलं. मागणी साधी होती: प्रत्येक बाटलीवर थोडं डिपॉझिट घ्या, रिकामी आणून दिली की पैसे परत द्या.

1969 साली विधेयक मांडलं गेलं आणि बारगळलं. राज्यपाल टॉम मॅकॉल पर्यावरणाचे खंदे कैवारी, पण त्या वर्षी तेही पाठीशी उभे राहिले नाहीत. लोकांना समजावू, स्वच्छतेच्या मोहिमा काढू, एवढ्याने भागेल असा तेव्हाचा सूर होता. चेंबर्स मात्र पत्रं लिहीत राहिले. पुढे पुढे करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यापर्यंत माहिती पोहोचवायची, हीच त्यांची रीत.

(पडद्यावर: विधिमंडळाची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

1971 मध्ये विधेयक पुन्हा आलं. आता मॅकॉल त्याच्या बाजूने होते. विरोधात डबे बनवणारे, काचवाले, शीतपेय आणि बिअरच्या कंपन्या. रोजगार बुडतील, दुकानात रिकाम्या बाटल्यांचा ढीग होईल, भाव वाढतील, हे सगळं बोलून झालं. तरीही 2 जुलै 1971 रोजी मॅकॉल यांनी सही केली आणि 1 ऑक्टोबर 1972 पासून कायदा लागू झाला. बहुतेक बाटल्या-डब्यांवर पाच सेंट. ओढून काढायच्या कडीवर बंदी. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं कलम: जो दुकानदार बाटली विकतो, त्याने ती परत घ्यायची आणि पैसे तिथल्या तिथे मोजायचे. कंपन्या कोर्टात गेल्या, 1973 मध्ये हरल्या.

राज्याच्या नोंदींनुसार रस्त्याकडेच्या कचऱ्यात या बाटल्या-डब्यांचा वाटा आधी 40 टक्के होता. 1979 पर्यंत तो 6 टक्क्यांवर आला. एखाद्याने गाडीतून बाटली भिरकावली, तरी शाळकरी पोरं ती उचलून दुकानात नेत.

(पडद्यावर: मुंबई. पावसाळ्याआधी नाल्यातून उपसलेला गाळ, त्यात पिशव्या.)

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. आरेच्या दूध केंद्रावर रिकामी बाटली दिली की भरलेली मिळायची. कोपऱ्यावरच्या दुकानातून थंड पेयाची बाटली घरी आणायची तर डिपॉझिट ठेवावं लागे. मग पिशव्या आल्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि ती सवय मोडली.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या गटारांत प्लॅस्टिकच्या पिशव्या सापडल्या. पुढच्याच वर्षी अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच कायद्याखाली 23 मार्च 2018 रोजी राज्याची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. त्यातला दंड सगळ्यांच्या लक्षात राहिला: पहिल्यांदा 5 हजार, दुसऱ्यांदा 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तीन महिन्यांची कैद. भाजीवाल्याच्या गाडीवर धाड पडली की बातमी होते.

पण त्याच अधिसूचनेत ओरेगॉनसारखीच तरतूद होती, तिच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापायची, ती 50 पैशांहून कमी नको, आणि दूध विकणाऱ्यांनीच ती पिशवी परत घ्यायची. प्लॅस्टिकच्या बाटल्यांनाही असाच नियम. कागदावर चोख होतं. आज मात्र रिकामी पिशवी दुकानात देऊन पैसे घेतलेला माणूस शोधून सापडणं कठीण. दंड वसूल करायला माणसं नेमली, पिशवी परत घेणारी खिडकी कुणी उघडली नाही.

(पडद्यावर: चाळीतलं स्वयंपाकघर. कात्रीने दुधाची पिशवी कापणारे हात.)

आजही कितीतरी घरांत ही पिशवी धुऊन, खिडकीच्या गजाला वाळत घालून भंगारवाल्यासाठी साठवतात. कोपरा पूर्ण तोडून टाकू नका. नखाएवढा तो तुकडा केर काढताना निघून जातो, मोरीतून गटारात पोहोचतो आणि कुठल्याच भंगारात येत नाही. तुकडा पिशवीला लटकत राहील अशी चीर द्या.

आणि हो, हे आपल्या देशात जमत नाही असं कुणी म्हणू नये. तामिळनाडूत निलगिरीच्या जंगलात दारूच्या फुटक्या बाटल्यांनी हत्तींचे पाय कापत होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 पासून तिथल्या सरकारी दुकानांत बाटलीमागे 10 रुपये जास्त घेऊ लागले, बाटली आणली की परत. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. दहा रुपयांसाठी माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढतो. पन्नास पैशांसाठी चढणार नाही. ओरेगॉनलाही हे कळलं. पाच सेंटला किंमत उरली नाही आणि परतीचं प्रमाण घसरलं. पण तिथल्या कायद्यातच सोय होती: सलग दोन वर्षं प्रमाण 80 टक्क्यांखाली राहिलं तर रक्कम आपोआप दुप्पट. 1 एप्रिल 2017 पासून ती दहा सेंट झाली आणि प्रमाण पुन्हा चढलं.

(पडद्यावर: पुण्यात पहाटे कचरा वेगळा करणाऱ्या बायका.)

गोव्याने 2024 साली डिपॉझिट परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. महाराष्ट्रातही अशा कायद्याचा मसुदा पुन्हा होईल, तेव्हा या बायकांना आधी विचारावं. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती यांच्याच जोरावर. प्लॅस्टिकची बाटली हा त्यांच्या पोटापाण्याचा आधार आहे. परतावा फक्त मॉलमधल्या यंत्रात आणि मोबाइलवरच मिळणार असेल, तर ही बाटली त्यांच्या हातून जाईल. वेचलेली कुठलीही बाटली रोख पैसे घेऊन देता आली, परत घेण्याची केंद्रं त्यांच्याच संघटनांना चालवायला मिळाली, तर एकेका बाटलीमागे भंगाराच्या भावाच्या कितीतरी पट पैसे त्यांच्या हातात पडतील. हे कलम मसुद्यात पहिल्या दिवसापासून हवं.