फास्ट ब्रेक कुठून सुरू होतो

नमस्कार मंडळी. पीटी सर आलेत, बाई आल्यात, मागं खानापूर आणि निपाणीकडची पोरं बसलेत त्यांनी जरा पुढं सरका, हा माईक मधेमधे जातोय. मला सांगितलंय की लवकर आटपा, पाऊस थांबला तर ग्राउंडवर जायचंय, त्यामुळं सरळ मुद्द्यावर येतो.

हँडबॉलमधला फास्ट ब्रेक, म्हंजे समोरच्यांचा डिफेन्स जुळायच्या आत केलेला झटपट अटॅक, म्हटलं की आपल्याकडची पोरं काय समजतात, तर बॉल मिळाला की सुटायचं, जीव खाऊन पळायचं आणि मारायचं. तालुक्याला हे चालून जातं, कारण समोरचेबी तसलेच असतात. डिस्ट्रिक्टला गेलं की दोन मॅच चालतं, डिव्हिजनला एखादी शहाणी टीम भेटली की बंद पडतं, आणि मग परत येताना बसमध्ये चर्चा काय, तर आपली पोरं स्पीडला कमी पडली. स्पीडला कमी नसतात हो. आपल्या खेड्यातली पोरं खो-खो खेळून आलेली असतात, त्यांचं पहिलं पाऊल आणि वळणं बघा, शहरातल्या अकॅडमीच्या पोरांना जमत नाही तसलं. माझं म्हणणं एवढंच आहे की फास्ट ब्रेक बॉल मिळायच्या आधीच सुरू झालेला असतो, आणि तो बसवायचा असेल तर पहिल्यांदा कीपरकडं बघा.

जरा हिशेब करूया. ग्राउंड ४० बाय २० मीटर. आपला विंगवाला, म्हंजे कडेला खेळणारा, डिफेन्सला आपल्या गोलपुढच्या ६ मीटरच्या लाईनच्या जरा पुढं उभा आहे. त्याला समोरच्यांच्या ९ मीटरच्या तुटक लाईनपर्यंत पोचायचंय, म्हंजे साधारण २४ मीटर. उभ्या जागेवरून शाळकरी पोरगा चांगला असेल तर चार सेकंद धरा. कीपरनं टाकलेला लांब बॉल हवेत दीड सेकंद तरी राहणार. म्हंजे कीपरकडं उरले अडीच सेकंद, त्यात बॉल उचलायचा, बघायचं आणि फेकायचा. आता आठवा आपला कीपर काय करतो. बॉल अडवला की दोन्ही हात वर करून ओरडतो, मग बॉल घरंगळत कोपऱ्यात गेलाय तो चालत जाऊन आणतो, मग रेफरीकडं बघतो. अहो कीपर थ्रोला शिट्टी लागत नाही! बॉल गोलच्या बाजूनं लाईनबाहेर गेला, कीपरचा थ्रो झाला, की डी मधून, म्हंजे त्या ६ मीटरच्या लाईनच्या आतनं, टाकून मोकळं व्हायचं, टाइमआउट असेल तरच शिट्टीची वाट बघायची. हे आपल्या अर्ध्या कीपरांना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि त्यात पोरांचा दोष नाही, कीपर कोण करायचा तर जो पळत नाही तो, ही आपली जुनी रीत आहे, ती आधी सोडा.

मोबाईल सगळ्यांकडं आहे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची बायकांची फायनल बघा, नॉर्वेनं फ्रान्सला २९-२१ नं हरवलं ती. नॉर्वेची कीपर काट्रीने लुंडे तेव्हा ४४ वर्षांची होती, ४४! पोरींनो, तिनं बॉल अडवल्यावर तिची मान कुठं वळते तेवढंच बघा, सेव्हचं कौतुक नंतर करा.

आता सुटायचं कुणी. समोरच्यांचा शॉट ज्या बाजूनं येतोय त्या बाजूच्या डिफेंडरला जागा सोडता येत नाही, त्याला ब्लॉक आहे, रिबाउंड आहे. सुटायचं लांबच्या बाजूच्यानं. आणि कधी, तर शूटरच्या हातातनं बॉल सुटला की त्याच क्षणी, सेव्ह होतोय का गोल होतोय ते बघायला थांबायचं नाही. गोल झाला तर परत यायचं, त्यात काय, पाय झिजत नाहीत. पण बॉल हातातनं सुटायच्या आधी निघालात तर शूटर मारणारच नाही, मोकळ्या विंगला पास देईल आणि तुमच्या कोचची शिवी ठरलेली. ५-१ डिफेन्स, म्हंजे पाच लाईनवर आणि एक पुढं, खेळत असाल तर पुढचा एकटा असतोच, तोबी सुटू शकतो, आधीच पुढं असल्यामुळं त्याला बरं पडतं.

पळायचं कसं, तर साईडलाईन धरून, मिडल लाईनपर्यंत रुंद, मग आत वाकायचं म्हंजे गोलचा अँगल उघडतो. मागं बघायचं ते आतल्या खांद्यावरनं. आणि कीपरनं बॉल पोराच्या डोक्यावर टाकायचा नाही, पुढच्या मोकळ्या जागेत टाकायचा. इथं एक धोका आहे, समोरचा कीपर डी सोडून बाहेर येतो आणि त्या बॉलवर झेपावतो. त्यात आपल्या पळणाऱ्याला धडकला तर त्याला रेड कार्ड आहे, पण कार्ड मिळून आपल्या पोराचा गुडघा काय बरा होणार नाही, त्यामुळं फार उंच तरंगता बॉल नको.

एक आपल्या भागाची गोष्ट. आपण खेळतो लाल मातीवर, फक्की मारून. जूनपासनं पुढं बॉल नीट उसळत नाही, खड्ड्यात पडला की भलतीकडंच जातो. म्हणून व्हिडिओत बघितलं तसं ड्रिबल करत पुढं जायच्या नादाला लागू नका. बॉल हातात धरून तीन पावलं, तीन सेकंद आहेत ना तुमच्याकडं, पासवर जावा. फार तर एक लांब टप्पा. इनडोअरला मॅच पडली तर गोष्ट वेगळी.

पहिली लाट फसली, विंगला बॉल गेलाच नाही, तर काय? इथं आपली पोरं थांबतात आणि सगळा खेळ परत पहिल्यापासनं. खरा माल तर इथंच आहे. सेंटर बॅकनं, म्हंजे मधनं खेळ चालवणाऱ्यानं, बॉल घ्यायचा, त्याच्या दोन्ही बाजूचे बॅक आपापल्या लेनमधनं पुढं, आणि पिव्हटनं कुणाची वाट न बघता थेट समोरच्या ६ मीटरवर जाऊन डिफेंडरच्या मधे पाठ लावून उभं राहायचं. समोरच्यांचा डिफेन्स अजून जुळलेला नसतो. वरच्या लेव्हलला तर डिफेन्सचे वेगळे आणि अटॅकचे वेगळे खेळाडू असतात, ते बदलायला बेंचकडं पळत असतात, बघा की, तेवढ्यात त्या बाजूला मोठं भोक पडलेलं असतं. त्या भोकातनं जायचं. दोनावर एक झालं की बॉलवाल्यानं डिफेंडरच्या अंगावर जायचं, त्याला स्वतःकडं ओढायचं आणि मगच पास. आपली पोरं लांबनंच पास देतात, डिफेंडर आरामात सरकतो आणि मग "सर, तो मधे आला" म्हणून सांगतात. येणारच की!

गोल खाल्ल्यावरबी हेच. थ्रो-ऑफला, म्हंजे गोलनंतर मधनं खेळ परत सुरू करताना, आपले सगळे आपल्या अर्ध्यात आले की रेफरी शिट्टी देतो, समोरचे कुठल्याबी अर्ध्यात असले तरी चालतं, ते आनंद करत असले तर आणखी बरं. पण त्यासाठी कीपरनं जाळीतला बॉल लगेच सेंटरला द्यायला हवा. परत कीपर.

प्रॅक्टिसचं सांगतो. ग्राउंडला दहा राउंड मारायला लावणं बंद करा, त्यानं फास्ट ब्रेक येत नाही, पोरं हँडबॉल सोडतात तेवढंच. २५-३० मीटरचे जोरात स्प्रिंट, मधे पुरता दम खाऊ द्यायचा. कीपरसाठी गोलच्या मागं पोत्यात बॉल ठेवा, शाळेत चारच बॉल असतील तर पोरं उभी करा बॉल परत द्यायला. शॉट, सेव्ह, आणि मिडल लाईनच्या पुढं ठेवलेल्या दोन खुणांपैकी ज्या खुणेवर पोरगं हात वर करेल तिकडं थ्रो. बघून फेकायची सवय लागते. मग तिनावर दोन, मागनं एक डिफेंडर पळत येतोय. आणि शेवटच्या दहा मिनिटात, पोरं दमलेली असताना, पुरी मॅच, फास्ट ब्रेकचा गोल दोन धरायचा. दमल्यावर कीपरसमोर एकटा पोरगा सरळ त्याच्या छातीवर मारतो, शेवटच्या तीन पावलात वेग जरा कमी करायचा असतो, हे ताजेपणी कितीबी शिकवा, दमल्यावरच कळतं.

आणि थांबायला शिकवा. जागा नाही, समोर चार जण आलेत, तर सेंटर बॅकनं हात वर करून खेळ बसवायचा. हा निर्णय ज्याला येतो त्याला कॅप्टन करा, उंच आहे म्हणून नको.

काय? हो, ते विचारा. सात जणांचा अटॅक, कीपर काढून. आजकाल शाळेतबी करूलालेत. करू दे की, बॉल मिळाला की त्यांचा गोल मोकळा आहे, आपल्या कीपरनं आपल्या डी मधनंच सरळ मारायचा, गोल धरतात तो. फक्त त्याला रोज १० तसले थ्रो प्रॅक्टिसला द्या, नाहीतर मॅचमध्ये बॉल बाहेर जातो आणि वर पोरं हसतात. चला, पाऊस थांबलाय वाटतं, कीपर कोण कोण आहेत त्यांनी पहिल्यांदा बाहेर या.